निट कापडाचा उबदार टॉप: तयार पॅटर्नवरून शिवताना

कातरवेळ

ब्लाउज, कुर्ता, परकर डोळे मिटून बेतणाऱ्या कितीतरी जणी निट, म्हणजे टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला हात लावायला तयार नसतात. ते ताणतं, सरकतं, मशीन टाके सोडतं, असं ऐकून ऐकून धास्ती बसलेली असते. मी मिशिगनमध्ये राहते. इथे वर्षातले निम्मे महिने तरी मऊ, लांब बाह्यांचं, मानेशी ऊब देणारं काहीतरी अंगावर लागतंच. दुकानातल्या टॉपच्या बाह्या मला बोटांपर्यंत येतात आणि खांदे दंडावर उतरतात. म्हणून मी हे टॉप घरीच शिवते, बाजारात पाकिटात मिळणाऱ्या तयार पॅटर्नवरून, म्हणजे कातरायच्या कागदी नमुन्यावरून. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. निटचं पॅटर्न निवडताना साइजचा आकडा बाजूला ठेवायचा आणि दोनच गोष्टी बघायच्या: कापड किती ताणतं आणि शिवून झालेल्या टॉपचं माप किती येणार आहे.

सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स, बटरिक, व्होग या कंपन्यांचा मापांचा तक्ता दुकानातल्या कपड्यांशी जुळत नाही. त्यांची १२ नंबरची साइज म्हणजे छाती ३४, कंबर २६.५, हिप ३६ इंच. १६ नंबर म्हणजे ३८-३०-४०. दुकानात मीडियम घेणारी बाई इथे १६ वर जाऊ शकते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. निट टॉपच्या पाकिटांवर बहुधा दोन-दोन साइज जोडलेल्या असतात: ८-१० स्मॉल, १२-१४ मीडियम, १६-१८ लार्ज. आता टिश्यू पेपर उलगडा आणि छातीच्या रेषेपाशी वर्तुळात अधिकचं चिन्ह शोधा. त्याच्या शेजारी प्रत्येक साइजचं तयार माप छापलेलं असतं. हा एवढासा मजकूर पाकिटावरच्या फोटोपेक्षा जास्त खरं सांगतो. समजा तुमची छाती ३८ आणि तयार माप ४६ असेल, तर ते आठ इंच लूजिंग झालं. थंडीत आत एक थर घालून वर चढवायचा ढगळ टॉप हवा असेल तर छानच. पण ताणणाऱ्या कापडात तीन-चार इंच लूजिंगमध्येही अंग मोकळं राहतं. म्हणून मी मोठ्या मापाच्या पॅटर्नमध्ये एक साइज खाली उतरते.

ही पॅटर्न साधारण साडेपाच फूट उंचीच्या बाईसाठी काढलेली असतात. पुढच्या, मागच्या भागावर आणि बाहीवर आडव्या जोडरेषा असतात, ‘इथे लांबवा किंवा आखूड करा’ असं सांगणाऱ्या. ज्यांची उंची पाच फुटांच्या आसपास आहे त्यांनी कातरायच्या आधी कागदाला तिथेच आडवी घडी घालावी. नुसतं खालून कापलं तर कमरेचा आणि कोपराचा आकार भलत्या जागी येतो.

ताण मोजायचा कसा? निटच्या पाकिटावर एक पट्टी छापलेली असते. कापड आडवं दुमडायचं, त्यातलं चार इंच पट्टीवर धरायचं आणि सहज ताणून दिलेल्या खुणेपर्यंत जातं का ते बघायचं. चाराचं पाच झालं तर २५ टक्के ताण, सहा झालं तर ५० टक्के. सहज म्हणजे सहज. कडा दोरीसारखी गुंडाळायला लागली तर तुम्ही जास्त ओढताय. आणि सोडल्यावर ते चार इंचांवर परत येतं का हेही बघा. परत न येणारं कापड कोपराला आणि बुडाला पोंगे काढतं.

उबदार टॉपसाठी माझी पहिली पसंती हाची स्वेटर निट. एका बाजूने ब्रश केलेलं, हातात घेताच ऊब देणारं. त्याखालोखाल फ्रेंच टेरी, म्हणजे आतून बारीक लूप असलेलं. पॉन्टे जाड आणि शिस्तीचं असल्याने पहिल्या शिवणीला फार चांगलं, पण ते गळ्याशी मऊ पडत नाही. काउल नेक, म्हणजे सैल घड्या पडणारा गळा असेल तर पॉन्टे घेऊ नका. फ्लीस उबदार खरं, पण जाडीमुळे गळ्याच्या शिवणी फुगतात.

कापड आधी धुवायचंच, आणि टॉप पुढे जसा धुणार असाल तसंच. ड्रायरमध्ये टाकणार असाल तर कापडही ड्रायरमधून काढा. मग टेबलावर पूर्ण पसरा. कडा खाली लोंबू देऊ नका, वजनानेच ते ताणलं जातं आणि कातरलेला तुकडा नंतर आखूड होतो. जास्त ताण अंगाभोवती आडवा यायला हवा, उभ्या रेघा म्हणजे विणीच्या माळा गळ्यापासून खाली. या माळांवर नजर ठेवून पॅटर्नचा बाण लावा. मी टाचण्यांऐवजी वजनं ठेवते आणि एकेरी थरावर कापते.

शिवायचा क्रम ब्लाउजपेक्षा वेगळा आहे: खांदे, मग गळा, मग बाही सपाटच मुंढ्याला जोडायची आणि शेवटी बाहीच्या टोकापासून बुडापर्यंत एका दमात बाजू. खांद्याची शिवण ताणू द्यायची नाही, कारण टॉपचं सगळं वजन तिच्यावर असतं. तिथे पाव इंची पारदर्शक इलॅस्टिक किंवा सुती पट्टी शिवणीतच घाला. बाकी शिवणींना अगदी अरुंद झिगझॅग, रुंदी अर्धा मिलिमीटर, लांबी अडीच.

आता गळ्याची पट्टी. टॉप घरी शिवलाय की दुकानातला, हे इथे कळतं. पॅटर्नमध्ये पट्टीचा तुकडा दिलेला असतो, पण त्यांनी तो त्यांच्या नमुन्याच्या कापडाच्या ताणावर काढलेला असतो, तुमच्या नव्हे. म्हणून खांदे शिवून झाले की गळ्याचा घेर शिवणीच्या रेषेवर मोजा, कडेवर नको. चांगल्या ताणाच्या कापडाला घेराच्या ८५ टक्के पट्टी. घेर २२ इंच असेल तर १८.७ इंच, अधिक जोडाची माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड. लायक्राची रिब असेल तर ८० टक्क्यांपर्यंत उतरता येतं. पट्टीची कड जोडून गोल करा, उभी दुमडा, चार समान भागांवर टाचण्या लावा. गळ्याचेही चार समान भाग करा. खांद्याची शिवण म्हणजे पाव भाग नव्हे हे लक्षात ठेवा, पुढचा गळा मागच्यापेक्षा मोठा असतो. जोड मागे, मधोमध किंवा डाव्या खांद्याच्या जरा मागे. शिवताना पट्टी वर, टॉप खाली, आणि ताणायची ती फक्त पट्टी, खालच्या कापडाशी जुळेल इतकीच. शेवटी वाफेची इस्त्री वरून टेकवत जा, सरकवू नका. पट्टी अंगाशी बसते.

प्रश्न असतील तर विचारा.

निळाई

किती सविस्तर! वाचनखूण साठवली. ताई, माझ्याकडे आईची काळी पायमशीन आहे, फक्त सरळ टाका. नाशिकला यंदा थंडी चांगलीच पडली आहे आणि मला मुलीसाठी असा टॉप करायचाय. सरळ टाक्यावर होईल का, की नवीन मशीन घेईपर्यंत थांबू?

जुनं_रीळ

निळाई, थांबायची काही गरज नाही. माझा शिवणक्लास बरीच वर्षं होता आणि मुलींनी याच मशीनवर होजिअरीचे कपडे शिवलेत.

सरळ टाक्याची अडचण एवढीच की कापड ताणलं की दोरा ताणत नाही, तो तुटतो. जिथे ताण येत नाही तिथे सरळ टाका चालतो. खांद्याला तर तो हवाच, टू बाय टूच्या, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाच्या काठाची पाव इंच पट्टी लावून. बाजूंच्या शिवणी पॉलिस्टरच्या दोऱ्याने घाल, सुती दोरा नको. टाका बारीक ठेव, वरचा ताण जरा सैल कर आणि दोन्ही हातांनी कापड मशीनच्या पुढेमागे हलकं ताणून धर. ओढायचं नाही, सुई वाकते.

पण माझा खरा सल्ला वेगळा आहे. तुझ्या गल्लीत ‘पिको-फॉल, इंटरलॉक करून मिळेल’ अशी पाटी असेलच. तू तुकडे कातर, कच्ची शिलाई घाल आणि त्यांच्याकडून इंटरलॉक मारून आण. तीन दोऱ्यांची ती शिवण कापडाबरोबर ताणते. फक्त एक सांभाळायचं: या पॅटर्नमध्ये माया पाच अष्टमांश इंच धरलेली असते. इंटरलॉकची सुरी किती कापेल ते दुकानदाराच्या हातावर आहे. म्हणून शिवणीची रेषा खडूने ठळक आख आणि ‘या रेषेवर टाका यायला हवा’ असं दाखवून सांग. गळा मात्र त्यांच्याकडे देऊ नकोस. गळ्याची पट्टी हाताने धावदोरा घालून, ताण नीट वाटून घेतल्यावरच इंटरलॉकला दे.

आणि कातरवेळ, क्लासमध्ये आम्ही छातीचा पाव भाग अधिक लूजिंग असं धरून ड्राफ्ट काढायला शिकवायचो. ती पद्धत ताणत नसलेल्या कापडासाठी आहे. त्यामुळे ज्यांना ड्राफ्टिंग येतं त्यांचाच गोंधळ निटमध्ये जास्त होतो, मापावर त्यांचा हात बसलेला असतो. तयार पॅटर्नवरून एकदा शिवलं की निटचा मुंढा किती उथळ असतो आणि बाहीचा गोल किती कमी उंच असतो ते दिसतं. माझ्या मते हाच तयार पॅटर्नचा मोठा फायदा.

एका मुद्द्यावर मात्र मी सहमत नाही. एक साइज खाली उतरायचं हे सगळ्या कापडांना लागू करू नका. आपल्याकडची शुद्ध सुती होजिअरी, जिच्यात लायक्रा नाही, ती ताणते पण परत येत नाही. त्यात साइज कमी केली तर दिवसभरात छातीवर आणि कोपरावर कापड सैल पडतं आणि मुंढा काचतो तो काचतोच.

कातरवेळ

रीळकाकू, हे फार महत्त्वाचं. मी लिहिलं ते लायक्रा असलेल्या स्वेटर निटसाठी. शुद्ध सुती जर्सीला पॅटर्नची स्वतःची साइजच ठेवावी, आणि पट्टी ८५ ऐवजी ९० टक्के, नाहीतर गळ्याला चुण्या पडतात.

पाकिटावर ‘लूज फिटिंग’, ‘सेमी फिटेड’ असे शब्द असतात त्याबद्दलही सांगते. मॅकॉल्स, बटरिक आणि व्होगच्या तक्त्यात लूज फिटिंग म्हणजे छातीत सव्वापाच इंचांच्या आसपासपासून आठ इंचांपर्यंत लूजिंग. पण तो तक्ता ताणणाऱ्या निटला लागू नाही असं त्याच तक्त्याखाली लिहिलेलं असतं. म्हणून मी परत परत तयार मापाकडे बोट दाखवते.

राइनकाठ

मी जर्मनीत असते, इथे बुर्डाचं राज्य. आयेन्ने बुर्डा यांनी ओफेनबुर्गमध्ये १९५० साली मासिक सुरू केलं आणि १९५२ पासून त्यात पॅटर्नचा कागद येऊ लागला. एका कागदावर अनेक कपड्यांच्या रेषा एकमेकींवर छापलेल्या असतात. आपली रेषा शोधून दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायची.

अमेरिकन पाकिटांवरून इकडे वळणाऱ्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी: बुर्डाच्या मासिकातल्या पॅटर्नमध्ये माया सहसा धरलेली नसते. ती आपण वाढवायची. दीड सेंटिमीटर शिवणीला, बुडाला जास्त. तशीच कातरली तर टॉप सगळीकडून आवळ होतो. त्यांची नेहमीची मापं १६८ सेंटिमीटर उंचीसाठी असतात, त्यामुळे लांबीचं काम आपल्याला तिथेही करावं लागतंच.

सुईबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. नेहमीच्या सुईचं टोक धारदार असतं, ते विणीचा फास कापतं. धुतल्यावर शिवणीशेजारी बारीक भोकं दिसतात ती त्यामुळे. निटसाठी गोल टोकाची सुई घ्यावी, ती फासांना बाजूला सारून आत जाते. पाकिटावर जर्सी किंवा एच-एसयूके लिहिलेलं असतं. कापडात लायक्रा भरपूर असेल तर स्ट्रेच सुई, एच-एस. टाके सुटायचं कारण बहुतेक वेळा हेच: लायक्राचं कापड सुईबरोबर वरखाली उडतं, दोऱ्याचा फास तयारच होत नाही आणि शटलला पकडायला काही मिळत नाही. स्ट्रेच सुईला मागे खोलगट खाच जास्त असते, म्हणून ती टाका पकडते. मशीन दुरुस्तीला टाकायच्या आधी सुई बदलून बघा.

निळाई

या सुया काळ्या मशीनला बसतील?

राइनकाठ

घरगुती मशीनच्या सुईचा दांडा सहसा एकाच मापाचा असतो, एका बाजूने सपाट. भारतात पाकिटावर एचए गुणिले १ लिहिलेलं मिळतं. आईच्या मशीनला तीच सुई लागत असेल तर या बसतात. ११ किंवा १४ नंबर घ्या. जुळी सुई, म्हणजे एका दांड्यावर दोन सुया असलेली, मात्र त्या मशीनला लावू नका, सरळ टाक्याच्या प्लेटचं भोक अरुंद असतं आणि सुई आदळून तुटते.

गोधडी

पुण्यात सुटं निट कापड शोधताना एक अडचण येते: ते बऱ्याचदा मीटरवर नाही, किलोवर विकतात. तिरुपूरहून येणारी सुती होजिअरी आणि लुधियानाचं स्वेटरचं कापड, दोन्हीकडे हाच हिशेब. मग नवशिक्यांना अंदाज येत नाही. सोपं गणित असं: पन्हा मीटरमध्ये गुणिले जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), की एका मीटर लांबीचं ग्रॅममधलं वजन निघतं. ६० इंच पन्हा म्हणजे १.५२ मीटर. २५० जीएसएमची फ्रेंच टेरी असेल तर एक मीटर सुमारे ३८० ग्रॅम, म्हणजे किलोत अडीच मीटरहून थोडं जास्त. १८० जीएसएमच्या जर्सीत साडेतीन मीटरच्या वर बसतात. एका लांब बाह्यांच्या टॉपला ६० इंची पन्ह्यात दीड-पावणेदोन मीटर धरा. नळीसारखं गोल कापड असेल तर ते कापून उघडल्यावर किती रुंद होईल ते आधी विचारा.

टिश्यू पेपर कातरू नका अशी माझी कळकळीची विनंती. पोरी वाढतात, आपली मापं बदलतात, आणि तिकडून मागवलेलं पाकीट स्वस्त नाही. ब्राउन पेपरवर किंवा बटर पेपरवर उतरवून घ्या, मूळ कागद घडी करून ठेवा. वर्तमानपत्र वापरू नका, शाई फिक्या कापडाला लागते.

जुनं_रीळ

+१. बटरिक यांनी १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये साइजवार कागदी पॅटर्न काढले तेव्हापासून पातळ कागदाची चाल आहे, कारण ते घडी होऊन पाकिटात टपालाने जातं. सुरुवातीला त्यावर रेषाही छापलेल्या नसत, नुसती भोकं पाडलेली असत. त्यावरून बायका घरी नेटके कपडे शिवत. आज इतक्या खुणा आणि सूचना छापून मिळतात, त्या सगळ्या वाचा. कातरायच्या आधी सूचनांचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणं ही मी क्लासमधल्या प्रत्येकीला घातलेली अट होती.

पाऊसवेडी

फार उपयोगी चर्चा. माझ्याकडे उषा जनोमी आहे, झिगझॅगवाली. बाजू छान येतात, पण बुडाची दुमड शिवताना कापड पसरतं आणि घेर लाटांसारखा दिसतो. जुळी सुई वापरली तर मधे कापड बोगद्यासारखं उंच होतं. काय करू?

कातरवेळ

पाऊसवेडी, दोन्हीची कारणं वेगळी आहेत.

लाटा येतात कारण फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वरच्या थराला दाबून पुढे ढकलतो आणि खालचे दाते खालचा थर ओढतात, त्या दोन्हीत निट पसरतं. तुमच्या मशीनला फूटचा दाब कमी करायचा स्क्रू किंवा चकती असेल तर तो कमी करा. नसेल तर दुमडीखाली पातळ टिश्यू कागदाची पट्टी ठेवून कागदासकट शिवा आणि नंतर फाडून काढा. टाक्याची लांबी वाढवा, तीन ते साडेतीन मिलिमीटर. छोटा टाका कापडात जास्त दोरा कोंबतो आणि ते आणखी पसरतं. दुमड आधी इस्त्रीच्या चिकट जाळीने बसवून घेतली तर निम्मं काम तिथेच होतं. शिवून झाल्यावर लगेच निराश होऊ नका, वाफ द्या आणि हात न लावता गार होऊ द्या. बऱ्याचशा लाटा बसतात.

बोगदा होतो तो बॉबिनच्या दोऱ्याच्या ताणामुळे. जुळ्या सुईत वर दोन सरळ ओळी दिसतात, पण खाली एकच दोरा त्या दोघींमध्ये नागमोडी जातो, आणि तोच कापडाला मधे ओढून धरतो. वरचा ताण कमी करा. तेवढ्याने भागलं नाही तर बॉबिनकेसचा स्क्रू अगदी किंचित सैल करा, आधी कुठे होता ती खूण करून ठेवा. बॉबिनमध्ये फुगीर नायलॉन दोरा हाताने सैलसर गुंडाळून वापरला तर बोगदाही जातो आणि दुमड ताणतेही छान. दोन सुयांमधलं अंतर चार मिलिमीटरचं असेल तर पातळ कापडाला अडीच घ्या.

पाऊसवेडी

फूटचा दाब कमी केला आणि खाली कागद घेतला. तुकड्यावर करून बघितलं, लाटा गेल्या! बॉबिनला अजून हात लावलेला नाही. काउल नेकच्या पट्टीलाही ८५ टक्केच धरायचं का?

कातरवेळ

नाही. काउल ताणून बसवायचा नसतो, तो पडायला हवा. त्याचा खालचा घेर गळ्याइतकाच किंवा जेमतेम अर्धा-एक इंच कमी ठेवा, आणि वरची कड खालच्यापेक्षा रुंद. कापडाचा आडवा ताण मानेभोवतीच येऊ द्या, उभा कातरला तर डोकं आत जायला त्रास होतो. काउलची उलटी बाजू बाहेर दिसते, तेव्हा ब्रश केलेलं कापड असेल तर दुमडून दुहेरीच करा. दुहेरी काउलला दोन टॉपच्या गळ्यांइतकं कापड लागतं, ते खरेदीच्या वेळीच धरा. कापड २०० जीएसएमच्या खालचं असेल तर मधल्या घड्या सुंदर पडतात. त्याहून जाड असेल तर उंची दोन इंच कमी करा.